उंदरांना गुदगुल्या

निवृत्त न्यायाधीश प्रयोगशाळेच्या प्राणी-नीती समितीचे अध्यक्ष झाले आणि लोकांनी त्यांचं नाव पाडलं 'स्थगिती'. कुठलाही अर्ज आला की साहेब आधी स्थगिती देत, मग वाचत.

त्या दिवशी समोर संशोधक बाई उभ्या होत्या. प्रयोग संपला की उंदीर मारून टाकायची पद्धत होती. बाईंचं म्हणणं, धडधाकट असतील ते लोकांना पाळायला देऊ द्या.

"कारण?" साहेबांनी विचारलं.

"ते हसतात, साहेब."

सगळी समिती हसली. साहेब सोडून.

"गुदगुल्या केल्या की हसतात," बाई हट्टाने म्हणाल्या. "आवाज इतका बारीक की आपल्या कानाला ऐकूच येत नाही. यंत्रातून खालच्या पट्टीत आणला की येतो. घाबरलेला उंदीर तसा आवाज काढत नाही."

"ऐकीव पुरावा मी घेत नाही," म्हणत साहेब उठले. "दाखवा."

उंदरांच्या खोलीत बाईंनी एक पांढरा उंदीर टेबलावर ठेवला. साहेबांनी बाही सारली आणि निकालावर शिक्का मारावा तसं एक बोट त्याच्या पाठीवर टेकवलं. यंत्र गप्प.

"असं नाही. आधी मानेमागे, मग उताणा करून पोटावर. लहान मुलांना करतो ना, तसं."

"मी कधी कुणाला केल्या नाहीत."

बाईंनी त्यांचा हात धरून बोटं कशी फिरवायची ते दाखवलं. आणि यंत्रातून असा चिवचिवाट उसळला, जणू चिमण्यांची शाळा सुटली! साहेबांनी हात मागे घेतला, तर उंदीर बोटांमागे धावत आला. पुन्हा गुदगुल्या, पुन्हा धाव. तिकडे समितीचा चहा निवला, तरी साहेब जागचे हलेनात. शेवटी स्वतःच खुदकन हसले आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

परवानगी तिथल्या तिथे मिळाली. पण उंदीर नेणार कोण? सगळे छताकडे पाहू लागले. मग साहेबच दोन उंदीर पिंजऱ्यात घालून घरी आले.

बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, कालच तुम्ही ओट्याखाली विषाच्या वड्या ठेवल्यात. आणि आज हे पाहुणे?"

"हे वेगळे आहेत. हे हसतात."

"मग आपल्या स्वयंपाकघरातल्यांनी काय घोडं मारलंय? त्यांना कुणी गुदगुल्या करून पाहिल्यात?"

साहेबांपुढे भल्याभल्या वकिलांची बोबडी वळायची. आज त्यांची स्वतःची वळली.

"पण ते पीठ खातात," ते कसंबसं म्हणाले.

"खाणारच! भिंतीतलं भोक बुजवा म्हणून मी कधीपासून कानीकपाळी ओरडतेय."

साहेबांनी कोट काढला, ओट्याखाली पालथे झाले, विषाच्या वड्या वेचून काढल्या आणि तारेच्या घासणीचा बोळा भोकात कोंबू लागले. बायको विजेरी धरून सूचना देत होती.

"अजून आत. अजून. अहो, हात अडकेल!"

अडकलाच. साबण लावून, ओढूनताणून तो एकदाचा सुटला. मग दोघं तिथेच फरशीवर बसून चहा प्यायले, आणि पिंजऱ्यातल्यांना बिस्किटाचा तुकडा कुणी द्यायचा यावरून भांडले.

बायको जिंकली.