मेट्रनबाई मागायला जातात

मेट्रनबाईंना मागता येत नव्हतं. हुकूम सोडता येत होता, दम भरता येत होता, द्यायला बसल्या तर विचारूच नका. पण 'मला अमुक एक हवं आहे' हे साधं वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं. नवऱ्याने तर नाहीच, आणि लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती. लग्नाची मागणीसुद्धा त्यानेच घातली होती, आणि त्यावर बाई "ठीक आहे, पण आधी नखं कापून या" एवढंच म्हणाल्या होत्या.

हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यावर बाईंनी एक संस्था काढली. संस्था म्हणजे बाई आणि त्यांचा नवरा. लोक महिनाभरासाठी व्हीलचेअर विकत आणतात, माणूस बरा होतो किंवा जातो, आणि मग ती खुर्ची माळ्यावर धूळ खात पडते, हे बाईंनी नोकरीत पाहिलं होतं. त्या असल्या वस्तू गोळा करायच्या आणि गरजवंताला फुकट वापरायला द्यायच्या. व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, वर-खाली होणारे पलंग, त्यांच्या गाद्या, सलाइनचे स्टँड. नवरा जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आलेला, त्यामुळे व्हीलचेअरच्या ब्रेकलाही तो डोळ्याला भिंग लावून बघायचा. दार वाजलं की बाई उठायच्या, येणाऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायच्या आणि तो तोंड उघडायच्या आत त्याला काय हवंय ते काढून ठेवायच्या. अकरा वर्षांत कुणी रिकाम्या हाताने परत गेलं नव्हतं, आणि बाईंना आयुष्यात ज्या एका गोष्टीचा गर्व होता ती ही.

हे सगळं सामान राहायचं दिरांच्या गॅरेजमध्ये. दिरांकडे गाडी नव्हती तोवर ठीक चाललं. मग एके दिवशी दीर आले, चहा घेतला, पाणी घेतलं, पुन्हा चहा घेतला आणि म्हणाले, "वहिनी, पुढच्या महिन्यात गाडी येतेय आमच्याकडे."

"अभिनंदन," बाई म्हणाल्या. "मी गॅरेज रिकामं करते."

"तशी घाई नाही काही. तुम्ही म्हणालात तर दोनेक महिने बाहेरच लावीन मी."

आता इथे 'बरं होईल, लावा बाहेर' एवढं म्हटलं असतं की काम झालं असतं. दीर बिचारे तेच ऐकायला थांबले होते. पण बाई म्हणाल्या, "छे छे, गाडी बाहेर कशाला? एकतीस तारखेला मिळेल तुम्हाला गॅरेज. झाडून." दीर गेल्यावर नवऱ्याने कपाळाला हात लावला.

सामान हळूहळू घरात यायला लागलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, त्यातली गत. घर मुळात दोन खोल्यांचं. पलंग आला तेव्हा सोफा बाल्कनीत गेला, कमोडच्या खुर्च्या आल्या तेव्हा जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या शेजाऱ्यांकडे गेल्या. पाहुणे आले की त्यांना कुठे बसवायचं यावर नवराबायकोत हलक्या आवाजात चर्चा व्हायची. तरी अर्धंअधिक सामान गॅरेजमध्येच होतं, आणि भंगारवाला रोज सकाळी मुद्दाम त्यांच्याच दारावरून आरोळी देत जाऊ लागला होता.

शेवटी सुनेने बातमी आणली. शहराच्या समाजकेंद्रात सगळ्या छोट्या संस्थांचा मेळावा भरणार होता. कुणाकडे जागा असते, कुणाकडे गाडी असते, कुणाकडे माणसं असतात. एकाने मागावं, दुसऱ्याने द्यावं अशी कल्पना. प्रत्येकाला माइकवर दोन मिनिटं.

"आई, तुम्ही फक्त उभं राहायचं आणि सांगायचं, आम्हाला सामान ठेवायला जागा हवी. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही."

"मी कधी रडले नाही," बाई म्हणाल्या.

"रडू नका हो. मागा फक्त."

घरी तालीम झाली. नवरा सभागृह झाला, म्हणजे पलंगावर बसला. बाई समोर उभ्या राहिल्या, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "जागा द्या. उद्या सकाळपर्यंत."

"हा हुकूम झाला."

"तुमच्याकडे खोल्याच्या खोल्या रिकाम्या पडल्यात. लाज नाही वाटत?"

"अगं, ही तर शिवी झाली. असं म्हण, की आम्हाला थोडी मदत लागणार आहे."

बाईंनी तोंड उघडलं. मिटलं. मग त्यांना सलाइनच्या स्टँडवर गंज दिसला आणि त्या फडकं आणायला आत गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. नवरा बराच वेळ सभागृह होऊन बसला होता.

मेळाव्याच्या दिवशी दोघं वेळेआधी पोचले. दारातच दोन मोठे फलक होते. एकावर लिहिलं होतं 'हवं आहे', दुसऱ्यावर 'देऊ शकतो'. आपापली चिठ्ठी योग्य फलकावर टोचायची. पहिल्या फलकावर चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चढल्या होत्या, त्याला आणखी एक टाचणी सोसली नसती. दुसऱ्यावर सात-आठच चिठ्ठ्या, आणि त्यातल्या बहुतेकांवर एकच मजकूर: 'मोफत मार्गदर्शन.' एका कंपनीने मात्र चाळीस कर्मचारी एक दिवसासाठी देऊ केले होते, भिंत रंगवायला. वाचनालयवाले आजोबा ती चिठ्ठी वाचून मागे सरले. "आमची भिंत तीनदा रंगवलीय त्यांनी," ते नवऱ्याला म्हणाले. "पुस्तकं लावायला एक माणूस मागितला, तर म्हणाले, एक नाही देता येत, चाळीसच घ्यावे लागतील."

थोडक्यात, सगळे गावभरचे गरजू एकमेकांकडे मागायला जमले होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं नवऱ्याच्या मनात आलं. पण ते सांगायचं कुणाला? बाईंचं लक्ष आधीच उडालेलं होतं.

संयोजिका हसतमुख होती आणि तिच्या हातात घंटी होती. दोन मिनिटं संपली की टण्. पहिले उभे राहिले हौशी नाटकवाले. त्यांचं नवं नाटक हॉस्पिटलात घडत होतं आणि त्यांच्याकडे हॉस्पिटल नव्हतं. "सध्या आमचा पेशंट दोन बाकं जोडून मरतो," दिग्दर्शक म्हणाला. "प्रेक्षक हसतात."

"बाकावर कसा मरेल?" बाई जागेवरूनच कडाडल्या. "पलंग घेऊन जा आमच्याकडून, आहेत तेवढे. वर-खाली होतात. सलाइनचे स्टँड आणि एक व्हीलचेअर पण न्या."

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने बाईंची बाही ओढली.

मग अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्या ताई आल्या. त्यांच्या खोलीत रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत; कालच एका प्रेमप्रसंगात ट्रक घुसला होता. भिंतींना लावायला जाड काहीतरी हवं होतं. "गाद्या आहेत," बाई म्हणाल्या, "ढीगभर." वाचनालयवाल्या आजोबांना दारापासून टेबलापर्यंत म्हाताऱ्या वाचकांना आणायची सोय हवी होती. "व्हीलचेअर. उरलेल्या दोन्ही न्या." हास्यक्लबच्या अध्यक्षांचे सभासद हसताना तोल जाऊन पडत होते. "वॉकर, कुबड्या. मोठ्या माणसांचं सगळं न्या." प्राणिमित्र संस्थेच्या माणसाने पाय मोडलेल्या कुत्र्याचं सांगितलं तेव्हा नवऱ्याने डोळे मिटून घेतले; लहान मुलांसाठीचा एक छोटा वॉकर होता, तो गेला. संयोजिका धावत जाऊन दुसऱ्या फलकावर चिठ्ठ्या टोचत होती आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

चहाच्या वेळी बाई एकदम खुशीत होत्या. "बघा, सुटला प्रश्न. आता जागा मागायलाच नको."

"जागा लागेलच कशी?" नवरा बिस्किट बुडवत म्हणाला. "आता ठेवायला उरलंय काय? तुझ्या कमोडच्या खुर्च्या आणि मी. आम्ही कुठेही राहू." मग त्याने बिस्किट खाऊन टाकलं. "पण उद्या दार वाजलं, तर काढून काय देशील?"

बाईंचा कप तोंडाशीच राहिला. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. गेल्या होत्या मागायला आणि बसल्या होत्या वाटायला, तेही अकरा वर्षांचं सगळं एका सकाळीत. दिलेला शब्द परत घेणं हा तर मागण्याचाच एक प्रकार, आणि तोही सगळ्यात वाईट. त्या काही म्हणणार तोच संयोजिकेने माइकवरून त्यांना बोलावलं, "आजच्या सगळ्यात उदार संस्थेला", आणि सगळे उठून उभे राहिले.

बाई माइकपाशी गेल्या. तीनशे खाटांचं हॉस्पिटल ज्यांच्या पावलांच्या आवाजाने चिडीचूप व्हायचं, त्या बाईंनी आधी पदराने माइक पुसून घेतला.

"नमस्कार," त्या म्हणाल्या. "सभागृह छान आहे. खिडक्या मोठ्या आहेत. हवा खेळती असली की माणूस लवकर बरा होतो." पुढे काही येईना. "चहाही चांगला होता. थोडा गोड होता, पण चालतं. तर आमची संस्था. आमच्याकडे वस्तू असतात. वस्तू म्हटलं की त्या कुठेतरी असाव्याच लागतात, म्हणजे हवेत तर राहू शकत नाहीत. आमच्या दिरांनी गाडी घेतली. चांगली आहे गाडी. निळी आहे."

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. बाईंनी तर भांड्यासकट ताकही लपवलं होतं. लोक आपुलकीने माना डोलवत होते आणि कुणालाही काहीही कळत नव्हतं. नवरा समोरच्या रांगेतून ओठांनी 'जा-गा, जा-गा' करत होता. संयोजिकेची घंटी वाजली. टण्. बाईंच्या कानशिलांवरून घाम ओघळला. इतकं अवघड असतं हे? दोन शब्दांचं काम!

तेवढ्यात त्यांच्या पिशवीत फोन वाजला. दुसऱ्या कुणाचा वाजला असता तर बाईंनी त्याला सभागृहाबाहेर काढलं असतं. पण संस्थेचा फोन कधीही टाळायचा नाही हा त्यांचाच नियम. त्यांनी तो तिथेच, माइकसमोर, सवयीने स्पीकरवर घेतला, आणि पलीकडच्या माणसाचा आवाज अख्ख्या सभागृहात घुमला.

"नमस्कार मॅडम. कशा आहात? बऱ्या आहात ना? मी जरा... म्हणजे तुम्ही कामात असाल. तुमचा नंबर एकांनी दिला. आमची आई इथे हॉस्पिटलात आहे. आता बरी आहे तशी. डॉक्टर फार चांगले आहेत इथले. आज सोडताहेत तिला. आणि आमचं घर म्हणजे, रस्त्यापासून जरा आत आहे, बोळ आहे, बोळ तसा सपाट आहे..."

एरवी बाई इथे खेकसल्या असत्या, 'व्हीलचेअर हवीय ना? मग सांगा की सरळ.' रोजच खेकसायच्या. त्यांना वाटायचं, आपण लोकांचा वेळ वाचवतो. आज त्यांनी फोन नुसता हातात धरला होता आणि तो माणूस सपाट बोळाचं सांगत होता, आणि बाईंना आपली निळी गाडी आठवत होती. दारात येऊन चप्पल काढू की नको करणारी ती सगळी माणसं, त्यांची इकडची तिकडची बोलणी, आणि आपलं ते फटकन तोडणं! बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घाई नाही," त्या म्हणाल्या. इतका हळू आवाज नवऱ्याने चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. "सावकाश सांगा. मी ऐकतेय."

पलीकडच्या माणसाने बोळ सोडून दिला. मग, "आईसाठी व्हीलचेअर मिळेल का हो?"

"थांबा हं, फोन ठेवू नका." बाईंनी मान वर केली. सभागृह टक लावून बघत होतं.

"मला एक व्हीलचेअर हवी आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "आत्ता. सगळ्या तुम्हाला देऊन बसलेय, आणि दिलेलं परत मागणं बरं नाही हे मला कळतं. पण मागतेय. आणि जे नेणार आहात ते तुमच्याकडेच ठेवून घ्या, वापरा, फक्त कुणाला गरज पडली तर सोडा. म्हणजे मला ठेवायला जागा हवी आहे. तेच मागायला आले होते मी. मघापासून तेच सांगतेय."

"मघापासून तुम्ही गाडीचं सांगताय," हास्यक्लबचे अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांचा क्लब सवयीने हसला.

दिग्दर्शक उभा राहिला. "आमची व्हीलचेअर द्या त्यांना. आमचा पेशंट तसाही पहिल्या अंकातच मरतो, त्याला पलंग पुरे. आणि रंगमंचाच्या मागे आमची आख्खी खोली आहे मॅडम. राजाचं सिंहासन हलवलं की तुमचे सगळे पलंग बसतील."

"जिन्याखाली माझ्याकडेही जागा आहे," वाचनालयवाले आजोबा म्हणाले. "भिंतही नवी रंगवलेली आहे." रेकॉर्डिंगच्या ताई म्हणाल्या की गाद्या भिंतीवरून केव्हाही काढून देऊ, फक्त प्रकरण संपू द्या. प्राणिमित्राने विचारलं, कुत्र्याला वॉकर किती दिवस ठेवता येईल, आणि सगळे एकदम म्हणाले, बरा होईपर्यंत.

बाई माइकपाशी उभ्याच होत्या. नवरा पुढे आला आणि कानात पुटपुटला, "मागून झालं की आभार मानायचे असतात."

"माहितीये मला," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी आभार मानले, थोडे करड्या आवाजात, पण मानले. मग त्यांना हातातल्या फोनची आठवण झाली.

"ऐकताय ना? व्हीलचेअर मिळाली. आमचे हे घेऊन येतात, हॉस्पिटलच्या दारातच थांबा. आईंना उन्हात उभं करू नका."

पलीकडचा माणूस गहिवरला होता. "मॅडम, तुमचे उपकार कसे फेडू मी?"

"उपकार कसले," बाई म्हणाल्या. "मीसुद्धा आत्ताच मागून घेतलीय."