मनगटावरचा हात

दुपारी दोन वाजता खिडकीजवळच्या खाटेवर बाईंचे श्वास मिनिटाला अठरा भरले. सिस्टरने आकडा लिहिला. सकाळीही अठराच होते.

बाई याच इस्पितळाच्या निवृत्त मेट्रन. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर अतिदक्षता विभागात होत्या. ताप, नाडी, श्वास आणि पांढऱ्या पेशी, यांतलं जे हद्दीबाहेर जाईल त्याला एक गुण. दोन गुण झाले की दाह अंगभर पसरत असल्याचा इशारा. बाईंचा एकच होता, पेशींचा. ताप औषधाने दबला होता, नाडी रक्तदाबाच्या गोळीने. चार वाजता त्यांना साध्या वॉर्डात हलवणार होते.

"कशी आहे मी?"

"ठणठणीत. आता ओरडायला लागाल मला."

"तुझी ती टोपी बघून..." बाई थांबल्या. "मघापासून तेच वाटतंय."

एवढंसं वाक्य, पण मधे दम लागला होता. वरच्या ओठावर घाम होता.

यंत्रावरचा श्वासाचा आकडा जराशा हालचालीनेही चुकतो, म्हणून तो हाताने मोजायचा. आणि रुग्णाला कळू द्यायचं नाही. नाडी बघतोय असं भासवून मनगट धरून ठेवायचं. हे तिला बाईंनीच शिकवलं होतं.

ती शेजारच्या खाटेची सलाईन बघायला गेली आणि पडद्याच्या फटीतून बाईंच्या छातीवरची चादर बघत राहिली.

एकतीस. हद्द विसाची, म्हणजे दुसरा गुण.

"आत्ता तर अठरा कळवलेत!" फोनवर डॉक्टर वैतागले.

"माझ्यासमोर त्या श्वास दाबून धरतात, डॉक्टर. लवकर या."

ती परतली तेव्हा बाईंचे डोळे उघडे होते.

"पडद्याआडून मोजलेस ना, चोरटे?"

"हो."

"घशात श्वासाची नळी घालतील गं मला. किती जणांना घालताना... मी हात धरलेत." त्यांनी दम घेतला. "अठराच राहू दे. वॉर्डात जाऊ दे मला."

"नाही जमणार, बाई."

"मेली कुठली. माझ्याच हाताखाली शिकलीस."

डॉक्टर आले. रक्त तपासणीला गेलं, औषध बदललं, वॉर्डात हलवणं रद्द झालं.

तीन वाजता सिस्टरने पुन्हा मनगट धरलं. या वेळी बाईंनी काही दाबलं नाही. चौतीस. मिनिट संपलं तरी तिने हात सोडला नाही. बाईंनीही काढून घेतला नाही. नळीचा ट्रे खाटेशी आणून ठेवला होता. अजून उघडला नव्हता.