पूर्वेच्या बोर्डासमोरची रेषा

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी विद्यापीठाच्या क्रीडागृहातली पहिली फळी उचकटली. पंचेचाळीस वर्षांची लाकडी जमीन जाऊन आता रबरी येणार होती.

फळीकाका प्रेक्षकांच्या दुसऱ्या पायरीवर बसून बघत होते. एकतीस वर्षं ही जमीन त्यांनी पुसली, घासली, तिच्यावर रेषा आखल्या. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. मुलीचा फोन महिन्याकाठी यायचा. दर रविवारी न चुकता येणारा माणूस एकच, कप्तान. विद्यापीठाचा जुना बास्केटबॉलपटू. यायचा, गुडघे चोळत तासभर बसायचा, जायचा.

शेजारी इतिहास विभागाच्या मॅडम बसल्या होत्या. क्रीडागृहाच्या इतिहासाचं पुस्तक त्या लिहीत होत्या आणि मुद्रितं काकांकडून तपासून घेत होत्या.

"पान एकशे बारा. कप्तानांचे सलग बावन्न फ्री थ्रो, सगळे पूर्वेच्या बोर्डावर. अजून कुणी मोडलेला नाही हा विक्रम. बरोबर ना?"

काकांनी मान हलवली. होकार की नकार, ते कळलं नाही.

पूर्वेकडे खिळे शोधायला कामगारांनी निळा रंग खरवडला होता. मॅडम तिथे गेल्या आणि वाकून बघू लागल्या.

"काका, इथे फ्री थ्रोच्या दोन रेषा कशा? एक पांढरी, आणि तिच्यापुढे हा फिकट पट्टा."

जुनी आखणी आहे, असं म्हटलं असतं तर त्यांनी पान उलटलं असतं. काका उठून तिथवर आले.

"ती चुकलेली रेष आहे. माझी."

मग त्यांनी सांगितलं. रेषा ते दोरीने आखायचे. दोरीला गाठी, आणि माप भिंतीपासून. टेप सरकतो, गाठ सरकत नाही, असं त्यांच्या उस्तादांनी शिकवलं होतं. पुढे बोर्ड बदलले. पूर्वेचा नवा बोर्ड भिंतीपासून आठ सेंटिमीटर जास्त पुढे आला. काकांनी दोरी लावली ती जुन्याच गाठीने. रेष बोर्डाच्या आठ सेंटिमीटर जवळ पडली आणि सहा वर्षं तशीच राहिली. लक्षात आल्यावर सुट्टीत एकट्याने दुरुस्त केली. कुणाला बोलले नाहीत.

"आणि ते बावन्न?"

"त्याच रेषेवरून."

मॅडमनी पेन बंद केलं. "काका, राहू द्यायचं का? आता कोण मोजायला बसलंय?"

"तुम्ही मला तपासायला दिलंय ना?"

"मग छापण्याआधी त्यांना कळायला हवं. मी सांगू?"

"नको. मी सांगतो."

पूर्वेची बाजू फोटोसाठी गुरुवारपर्यंत तशीच ठेवा, असं मॅडमनी मुकादमाला सांगितलं. काकांनी दुपारी फोन लावला. कप्तान त्याच्या सिमेंटच्या दुकानात होता.

"बोला फळीकाका. तोडलं का आपलं मैदान?"

"तोडतायत. एक सांगायचंय. मध्ये बोलू नकोस."

कप्तान सगळं ऐकून म्हणाला, "किती म्हणालात?"

"आठ सेंटिमीटर. तुझी चारही वर्षं त्यातच गेली."

मागे कुणीतरी गोण्या मोजत होतं. ते थांबलं.

"बाहेरगावच्या निवड चाचणीत माझे दहातले सात हुकले होते. आठवतं?"

"आठवतं."

"सातही रिंगच्या पुढच्या कडेला आपटले. बाबा म्हणाले, घरात वाघ, बाहेर शेळी. मरेपर्यंत म्हणत राहिले. मलाही तेच खरं वाटलं, काका. म्हणून तर खेळ सोडून इथे बसलो."

काका इतकी वर्षं विक्रमाचाच विचार करत आले होते. हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तू गेल्यावर दोन वर्षांनी."

"म्हणजे एकवीस वर्षं झाली. मी दर रविवारी येत होतो."

"हो."

"ठेवतो. गिऱ्हाईक आलंय."

बुधवारी सकाळी काका दूध आणायला बाहेर पडले, तेव्हा फाटकावरच्या रखवालदाराने हाक मारली.

"काका, तुमचे कप्तान येऊन गेले की. सहाला. आत सोडा म्हणाले. माझ्याकडनं टेप घेतला."

"मग?"

"पूर्वेला बसून मोजलं. दोनदा. फिकट पट्ट्यावर उभे राहिले, मग पांढऱ्या रेषेवर. हात वर करून नुसताच फेकल्यासारखं केलं, चेंडूबिंडू काही नाही. टेप गुंडाळून परत दिला आन् गेले."

"माझं विचारलं?"

रखवालदाराने काकांच्या खोलीकडे पाहिलं. फाटकापासून ती वीस पावलांवर होती.

"नाही. मी म्हटलं, काका उठलेत, दिवा लागलाय. ते म्हणाले, दिसतोय."

दुपारी मॅडमचा निरोप आला. एकशे बारावं पान त्यांनी कप्तानांकडे तपासायला पाठवलं होतं. बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत ते परत आलं नव्हतं.