मधल्याचा नवा भक्त

माझ्या संसारात जी काही भांडणं झाली, ती तीन परपुरुषांवरून झाली. तिघेही गाणारे, तिघेही एकाच बँडचे, आणि तिघांपैकी एकालाही मी कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही.

आमचे हे चष्मेवाले. दुकानाच्या मागे डोळे तपासायची खोली आहे. तिला खिडकी नाही, कारण तपासणीला अंधार लागतो. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, कोपऱ्यात भिंगांची पेटी, मध्ये तपासणीची उंच खुर्ची, आणि फ्रेमांच्या कपाटावर दोन भलेमोठे स्पीकर. रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं की त्या खोलीत रेकॉर्ड लागायची. शेजारच्या गाळ्यात यांचे शाळेपासूनचे मित्र, दातांचे डॉक्टर. सगळे त्यांना दातवाले म्हणतात, मी भावजी म्हणते. दोघांनी शेजारीशेजारी गाळे घेतले ते धंद्याच्या सोयीसाठी, असं दोघंही सांगतात. माझं मत, भांडायला लांब जावं लागू नये म्हणून घेतले.

बँड कसला, तर प्रोग्रेसिव्ह रॉक. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. आधी बराच वेळ वाद्यं आपसात वाद घालतात. मग एक माणूस येऊन दोन ओळी गातो. मग तो असं का म्हणाला यावरून वाद्यं पुन्हा वाद घालतात. लग्न होऊन मी या घरात आले त्याच आठवड्यात यांनी मला समोर बसवून एक गाणं ऐकवलं. रेकॉर्डची अख्खी बाजू संपली, सुई वर उठली, आणि मी विचारलं, "आता सुरू होईल का?" त्यानंतर दोन दिवस आमच्यात अबोला होता. त्या गाण्याला आम्ही पुढे 'विहीर' म्हणायला लागलो, कारण एकदा आत पडलं की कुणीतरी दोर टाकेपर्यंत वर येणं नाही.

या बँडचे वाजवणारे कायम तेच राहिले, गायक मात्र बदलत गेले. घर तेच, सून नवी, आणि प्रत्येक सुनेची आधीच्या सुनेशी तुलना. पहिला तो थोरला, 'विहीर'वाला. हा प्रेक्षकांकडे पाठ करून गायचा, आणि ऐन भरात असताना मधमाश्या पाळायच्या म्हणून बँड सोडून गेला. मग मधला आला. पांढरा सूट, स्वच्छ आवाज, आणि गाणी अशी की दूध उतू जायच्या आत संपतील. शेवटी धाकटा. हा आधी याच बँडची गाणी हुबेहूब म्हणून दाखवायचा. नकलाकाराला गादीवर बसवलं, असं आमचे हे म्हणत.

हे थोरल्याचे. दातवाले मधल्याचे. धाकट्याच्या बाजूने एकट्या भूगोलबाई. मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. भिंतीपलीकडून दातवाल्यांचं यंत्र घुं घुं करायला लागलं की हे गिऱ्हाइकाला सांगायचे, "हे ऐका. मधल्यापेक्षा सुरात आहे." आणि दातवाले यांच्याकडे पाठवलेल्या पेशंटला बजावायचे, की चष्मा छान करून देईल, पण कानाचं त्याला काही विचारू नका.

रविवारच्या बैठकीचा एक नियम होता. ज्याने रेकॉर्ड आणली त्याने तपासणीच्या खुर्चीत बसायचं. बाजू संपेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. मग खुर्चीतल्याने आपल्या गायकाची तरफदारी करायची आणि बाकीच्यांनी त्याची सालपटं काढायची. पुरती निघेपर्यंत त्याला उठायची परवानगी नाही. मोठमोठी शहाणी माणसं त्या खुर्चीत रडकुंडीला आलेली मी पाहिली आहेत.

दातवाल्यांची बायको आणि मी दुकानामागच्या जिन्यावर बसायचो. नात्याने आम्ही कुणी नव्हतो, पण नवरे सख्ख्या भावांसारखे भांडत, म्हणून मी तिला जाऊबाई म्हणायची आणि ती मला. दाणे खात आम्ही त्या तिघांची वेगळीच परीक्षा घ्यायचो. कुणाशी लग्न केलं तर काय होईल. थोरला जेवायला हाक मारली तरी पाठ करून उभा राहील. मधला स्वतःच्या सुटाची इस्त्री मोडू नये म्हणून मूल कडेवर घेणार नाही. धाकटा सासूसासऱ्यांना आवडेल, पण त्याच्यात आपलं असं काही नाही. शेवटी आमचं दोघींचं ड्रमवाल्यावर एकमत झालं. तो सबंध काळ टिकला, कुणाशी भांडला नाही, आणि दंड काय होते त्याचे. हे आतल्यांना आम्ही कधी सांगितलं नाही.

जाऊबाई गेल्या वर्षी गेली. दुखणं लांबलं नाही, तिला सवयच नव्हती कशात वेळ घालवायची.

दातवाल्यांनी दवाखाना एका तरुण डॉक्टरच्या हाती दिला. रविवारी ते येत राहिले, पण नुसते येत राहिले. खुर्चीत बसेनात. यांनी मुद्दाम डिवचलं, म्हणाले, मधला म्हणजे आजाऱ्याची पेज, चव नाही पण बाधत नाही. एरवी या वाक्याला दोन तास पुरले असते. दातवाले म्हणाले, "असेल बुवा." पुढच्या रविवारी हे म्हणाले की मधला आल्यावर बँड मेलाच. दातवाल्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुझंच खरं. थोरलाच चांगला होता."

हे घरी आले आणि ताटावर नुसते बसून राहिले. मी म्हटलं, अहो, जन्मभर ज्यासाठी घसा कोरडा केला ते आज मिळालं, जेवा की. तर म्हणाले, "असं नको होतं मला." मग हात धुतले.

आठवड्याने दातवाले टॅक्सी करून आमच्या घरी आले. सोबत मधल्याच्या रेकॉर्डची पेटी. मुलीकडे कायमचं राहायला जातोय म्हणाले, दूरच्या गावी. तिच्या घरात जागा कमी, आणि आता ऐकतंय कोण. "तुझ्याकडे राहू दे," ते यांना म्हणाले. "तुला आवडत नाहीत, पण धूळ बसू देणार नाहीस तू." मुलगी गुणी आहे, प्रश्न तिचा नव्हता. तिनेच मला फोनवर सांगितलं होतं, की काकू, बाबा हो म्हणाले याचंच मला भय वाटतं, काहीही विचारलं तरी हो म्हणतात.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं. या माणसाला भांडायला लावलं पाहिजे, नाहीतर तो तिकडे जाऊन खिडकीशी बसेल आणि सगळ्याला हो म्हणत म्हणत एक दिवस संपेल. आणि इकडे माझा नवरा जिंकलेल्या तोंडाने भिंतीकडे बघत बसेल. दोघांचीही मला सवय आहे. मोडायची नव्हती.

जिन्यावर इतकी वर्षं बसून एक गोष्ट मला कळली होती. या मंडळींना आपल्या गायकाला कुणी शिव्या दिल्या तर राग येत नाही. उलट तोंडाला पाणी सुटतं. खरा संताप येतो तो कुणी आपल्या गायकाचं चुकीच्या कारणासाठी कौतुक केलं की.

आता मधल्याचं एक गाणं आहे, 'सुट्टीचं गाणं' म्हणतात त्याला. रेकॉर्ड कंपनीच्या हट्टापायी केलेलं. त्यात टाळ्या आहेत, एक भोंगा आहे, आणि मध्येच तो "चला, चला" असं ओरडतो. ते लिफ्टमध्ये लागतं, कपड्यांच्या दुकानात लागतं. मधल्याचे भक्त त्या गाण्याचं नाव काढत नाहीत, जसं आपण तुरुंगात गेलेल्या मामाचं काढत नाही. मी यांना सांगितलं, येत्या रविवारी खुर्चीत बसायचं, ते गाणं लावायचं आणि त्याची तोंड भरून स्तुती करायची.

हे माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले की जणू मी विष कालवायला सांगितलंय. म्हणाले, दुसरं काय वाटेल ते सांग. मित्रासाठी किडनी देईन. मी म्हटलं, किडनी त्यांना नकोय. म्हणाले, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक म्हणजे भूगोलबाई. मग बराच वेळ येरझाऱ्या घातल्या आणि शेवटी विचारलं, स्तुती म्हणजे नेमकी किती करायची.

आम्ही तालीम केली. पेटी उघडून ते गाणं लावलं. हे कडू काढा घेतल्यासारखं तोंड करून बसले. "भोंगा बरा आहे," म्हणाले. मी म्हटलं, बरा नाही, भोंगा ऐकून डोळ्यांत पाणी आलं असं म्हणायचं. ते म्हणाले, पाणी आलंच आहे.

रविवारी मी जिन्यावर बसले नाही. चहाचा ट्रे घेऊन आत गेले आणि दाराशीच थांबले. भूगोलबाई आल्या होत्या. मधल्याची पेटी यांनी घरून उचलून आणली होती. दातवाले भिंतीकडेच्या स्टुलावर, मांडीवर हात ठेवून, पुढच्या गाडीची वाट बघत असल्यासारखे. यांनी सुई टेकवली आणि खुर्चीवर चढून बसले. टाळ्या सुरू झाल्या. भूगोलबाईंनी आधी रेकॉर्डकडे पाहिलं, मग यांच्याकडे, मग माझ्याकडे, तब्येत बरी आहे ना अशा अर्थाने. दातवाले खाली बघत होते. "चला, चला" आलं तेव्हा त्यांच्या पायाचा अंगठा हलला. मी पाहिलं.

गाणं संपलं. हे बोलायला लागले आणि खरं सांगते, एवढं चांगलं खोटं ते माझ्याशी कधी बोलले असते तर मी आयुष्यभर फसले असते. म्हणाले, मी इतकी वर्षं अडाणी होतो. ही पेटी घरी आली, मी ऐकायला बसलो आणि डोळे उघडले. मधला हाच खरा गायक, आणि त्याचं सगळं मोठेपण या एका गाण्यात आहे. बाकीची गाणी म्हणजे त्याची तयारी.

"जा रे," दातवाले हळूच म्हणाले.

पण आवाज वेगळा होता. हे पुढे सरसावले. त्या टाळ्यांमध्ये काय भाव आहे म्हणाले. दुसरा कुणी असता तर एकदाच चला म्हणाला असता, हा दोनदा म्हणतो.

दातवाले उठून उभे राहिले. "टाळ्या त्याच्या नाहीत. टाळ्या कंपनीच्या आहेत. आणि त्या गाण्यात तो नाहीच, तुला ऐकू येत नाही? नुसता गळा गातोय. माणूस केव्हाच घरी गेलाय."

"मला तर तो तिथेच दिसतो," हे म्हणाले. "अगदी हसताना."

"तो हसत नाहीये."

"दात दिसतात त्याचे."

"दातांचं मला सांगू नकोस," दातवाले म्हणाले. "ऊठ तिथून."

नियम मोडून यांना खुर्चीतून खाली ओढण्यात आलं. दातवाल्यांनी पेटीतून रेकॉर्ड काढली. सुई बरोबर हव्या त्या गाण्यावर ठेवली आणि खुर्चीत जाऊन बसले. ते गाणं मला माहीत होतं. 'शेवटची बस.' जाऊबाई दवाखान्यात अवजारं उकळायला ठेवताना गुणगुणायची. शेवटी मधला एकदम आवाज खाली आणतो आणि अखेरची ओळ म्हणतच नाही, पियानोवर सोडून देतो. दातवाल्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"हे," ते म्हणाले. "हे त्याचं मोठेपण. ओळ तोंडात असून म्हणायची नाही. हिला मात्र ती म्हणायचीच असायची. कधी सुरात आली नाही." मग म्हणाले, "ती गेल्यापासून लावलं नव्हतं मी."

हे बोलायला गेले. मी ट्रे जरा जोरात खाली ठेवला. पण दातवाल्यांनी स्वतःच चष्मा चढवला आणि यांच्याकडे वळले. मग जे सुरू झालं ते दिवेलागणीपर्यंत चाललं. मधल्याला थोरल्याची जळमटं कशी झाडावी लागली, आवाज चढवण्यापेक्षा आवरायला कसा जास्त दम लागतो, सगळं निघालं. भूगोलबाईंनी दोनदा धाकट्याचं नाव काढलं, दोनदा त्यांना गप्प बसवलं. त्या इतक्या खुशीत घरी गेल्या की छत्री विसरल्या.

जाताना दातवाले यांना म्हणाले, "पेटी उद्या सकाळी न्यायला येतो. तुझ्या घरात तिला ठेवणं पाप आहे." दुकानाच्याच फोनवरून त्यांनी मुलीला सांगितलं की येणं इतक्यात जमणार नाही, इथे एक माणूस फारच बिघडलाय. पलीकडून तिचं रडणं मला ऐकू आलं. बरं वाटल्याचं रडणं होतं ते.

आता झालंय असं. दातवाले दर रविवारी येतात, पुरावे घेऊन येतात, यांना खुर्चीत बसवतात. आणि यांना सुट्टीच्या गाण्याची बाजू लढवावी लागते. खरं सांगायची सोय नाही. सांगितलं तर दातवाल्यांना कळेल की सगळं ठरवून केलं होतं, आणि तो माणूस पुन्हा हो म्हणायला लागेल. थोरल्याचं नाव यांना चारचौघांत घेता येत नाही. घरात दार लावून, कानाला हेडफोन चढवून, मुलं चोरून सिगारेट ओढतात तसं हे 'विहीर' ऐकतात. मी दार वाजवलं की दचकतात. रात्री अंथरुणात मला विचारतात, हे कधीपर्यंत. मी कूस बदलते.

परवा मी चहा घेऊन गेले तर हे खुर्चीत घामाघूम झालेले, भोंग्यात दुःख कसं लपलंय ते समजावून सांगत होते. दातवाल्यांनी कप उचलला, यांच्याकडे नखशिखांत पाहिलं आणि मला म्हणाले, "वहिनी, याला सुधारायला फार वेळ लागणार आहे."

"लागू द्या, भावजी," मी म्हटलं. "घाई करू नका."