आधी पाणी, मग परवानगी

डिजिटल संवादाची परिषद सकाळपासून चालू होती. आयुष्यात एका तक्रारीला उत्तर न दिलेली माणसं ‘लोकांचं ऐका’ म्हणून घसा कोरडा करत होती. आता तिची पाळी. पाणीपुरवठा खात्याचं पेज ती एकटी सांभाळायची, पण एक ओळ टाकायची तरी साहेबांचा होकार लागे. ते साहेब पहिल्या रांगेत ऐसपैस बसलेले.

पहिलंच भाषण. माईक हातात आला आणि तिसऱ्या वाक्याला फोन थरथरला. पाण्याच्या पंपावरचे काका! काका उगाच फोन करणारे नव्हेत. तिनं सरळ उचलला.

“पोरी, पाइप फुटलाय! टेकडीकडच्या नळांत गटार शिरलंय. मी व्हॉल्व्ह बंद केला, पण पुढे गेलं ते गेलं. लोकांना सांग, पिऊ नका!”

हातातला माईक फोनला खेटून चालूच होता. सगळ्या सभागृहानं ऐकलं.

“साहेब, टाकू?”

साहेब लालबुंद. “थांबा हो बाई! वर विचारतो. तोवर ‘तांत्रिक कारणास्तव’ असं काहीतरी लिहून ठेवा.”

“वर विचारेपर्यंत खाली लोकांच्या पोटात जाईल ना!”

“टाका ताई, टाका!” मागून कुणीतरी ओरडलं.

गेली नोकरी तर गेली खड्ड्यात. तिनं स्लाइड बंद केली, पेज उघडलं आणि भल्यामोठ्या पडद्यावर तीनशे माणसांदेखत लिहिलं: ‘टेकडी भागात नळाचं पाणी पिऊ नका. उकळूनही नको. त्यात गटाराचं पाणी मिसळलंय. चूक आमची आहे.’

दाबलं बटण!

पहिलं उत्तर तिच्या सख्ख्या आत्याचं: ‘कार्टे, आत्ताच हंडा भरलेला! ओतला. शेजारच्या बाळंतिणीला सांगायला पळतेय.’

सभागृह खदखदून हसलं. मग उत्तरांची रीघच लागली. ‘शाळेत कळवलं.’ ‘आमच्या इमारतीची टाकी बंद केली.’ दर ओळीला टाळ्या, शिट्ट्या. माणसं खुर्च्यांवर उभी.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. साहेब ताडकन उठले, कमरेत वाकले. “हो सर... हो सर... अहो, मीच सांगितलं टाकायला!”

हशा छताला भिडला. लाज नाही ती नाहीच. पण तिला रागवायलाही सवड नव्हती. लोक विचारत होते, प्यायचं काय? ती दणादण पायऱ्या उतरली आणि माईक साहेबांच्या तोंडासमोर धरला.

“बोला साहेब. टँकर कुठे आणि किती वाजता?”