गोल टाकी

माझं डोकं लवकर तापतं. उचगावात हे सगळ्यांना ठाऊक आहे, तुम्हालाही आधीच सांगून ठेवतो.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर आमच्या ट्रकची डिझेलची टाकी गळायला लागली. गळती बारीक होती. ड्रायव्हर गुंडू तिच्यावर साबणाची वडी घासायचा, की आजऱ्याला जाऊन येईपर्यंत थेंब पडायचा नाही. पण महिनाभरात घरातल्या तीन वड्या टाकीला लागल्या आणि अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, न्हाणीतून माझा उद्धार केला. तेव्हा टाकी बदलायची ठरली.

आमचा ट्रक कंपनीतून निघाला तसा राहिलेला नव्हता. विजेचे सिमेंटचे खांब न्यायचे म्हणून अप्पांनी, माझ्या वडिलांनी, त्याची चेसी मागं चार फूट वाढवून घेतली होती. वळताना तो निम्मा फाटा अडवायचा. अप्पा गेले आणि ट्रक माझ्याकडं आला, ट्रकबरोबर गुंडूही आला. तो अकरा वर्षं आमच्याकडं होता. अप्पा त्याच्या पाठीमागं कधी टाकी बघायला गेले नाहीत. मी मात्र रोज बघायचो.

बघायचो म्हणजे काठी घालून. डिझेलचा काटा कधीच मेला होता. अप्पांनी एका सागवानी काठीवर करवतीनं वीस खुणा पाडल्या होत्या. काठी टाकीत तळापर्यंत घालायची आणि ओल कुठवर आली ते बघायचं. एक खूण म्हणजे आठ लिटर. टाकी चौकोनी होती, हिशोब सरळ होता.

जुन्या गाड्यांचं सामान विकणाऱ्याच्या आवारात मी आणि गुंडू अर्धा दिवस फिरलो. आमच्यासारख्याच ट्रकची एक चौकोनी टाकी होती, पण तिला दोन थिगळं होती आणि रंग उडालेला. पत्र्याची नवी करून घ्यायची तर कारागीर आठ दिवस मागत होता, आणि खांब तर परवा पोचवायचे होते. मग कोपऱ्यात एक गोल टाकी दिसली. कुठल्यातरी क्रेनची असावी. लांबलचक, आडवी, एक पोचा नाही, दोनशे चाळीस लिटरची. चेसी वाढवल्यामुळं केबिन आणि मागच्या चाकांच्या मध्ये जी रिकामी जागा होती, तिथं ती बरोबर बसणार होती. माझ्या डोळ्यात ती भरलीच.

गुंडूनं दोन्ही टाक्यांत हात घालून आतला गंज बघितला. मग म्हणाला, "मालक, चौकोनीच घ्या. थिगळं मी झाळून घेतो. गोल टाकीचा अंदाज लागत न्हाय."

मी हसलो. मी बारावी शास्त्र झालेला, आणि हा मला अंदाज शिकवणार. गोल टाकीची उंची आमच्या काठीएवढीच भरली. वीस खुणा, दोनशे चाळीस लिटर. म्हणजे एका खुणेला बारा. मी तिथंच, त्या सामानवाल्यासमोर, हे तोंडी करून दाखवलं. गुंडूनं हाताला लागलेला गंज पुसला. टाकी दुसऱ्या दिवशी पट्टे आवळून बसवली आणि काठोकाठ भरली.

गुंडू खांब घेऊन आजऱ्याला गेला आणि संध्याकाळी परत आला. या फेरीला आमचा ट्रक बेचाळीस लिटर पितो, हे मला पाठ होतं. मी काठी घातली. साडेचार खुणा उतरल्या होत्या. चोपन्न लिटर. बारा लिटर कुठं गेलं?

तळपायाची आग मस्तकात गेली. रात्रभर मी तळमळलो, आणि सकाळी फाट्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी, जिथं सगळे ड्रायव्हर आणि ट्रकमालक जमतात, तिथं मी गुंडूला गाठलं. नवी मोठी टाकी बघून तोंडाला पाणी सुटलं काय, असं विचारलं. बारा लिटर कुणाला विकलंस, असंही विचारलं. आवाज माझा मुळातच मोठा आहे. पलीकडच्या पंक्चरवाल्यानंही हातातलं काम थांबवलं.

गुंडू म्हणाला, "अकरा वर्षांत घोटभर चोरलं न्हाय." खिशातून किल्ली काढून त्यानं बाकड्यावर ठेवली आणि तो चालायला लागला. मला वाटलं, चोर नसता तर भांडला असता. आज ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

अवजड गाडीचं लायसन माझ्याकडंही होतं. पुढची फेरी मीच मारली. आल्यावर काठी घातली तर फक्त तीन खुणा, म्हणजे छत्तीस लिटर. तिसऱ्या फेरीला त्याहून जरा कमीच. मग काय, फाट्यावर माझी छाती दोन इंच पुढं. मी चालवली तर छत्तीस, गुंडूनं चालवली तर चोपन्न, हे मी ज्याला त्याला ऐकवलं. सयाजी पोवारच्या दोन गाड्या होत्या आणि एकीला ड्रायव्हर हवा होता. गुंडू त्याच्याकडं गेलता, पण सयाजीनं माझी गोष्ट ऐकून त्याला परत पाठवलं. मला त्याचंही समाधान वाटलं.

तीन फेऱ्या झाल्यावर टाकी परत काठोकाठ भरली आणि मी चौथी फेरी मारून आलो. गाडीत मी एकटा. जेवायला थांबलो तेव्हाही गाडी नजरेसमोर होती. दारात ट्रक लावला आणि काठी घातली. साडेचार खुणा.

मी परत घातली. पुसून परत घातली. खाली वाकून गळती शोधली, टाकीचं बूड हातानं चाचपलं. कोरडं ठणठणीत. या खेपेला चोर मीच असायला हवा होता.

जेवताना मी अव्वाला सगळं सांगितलं. टाकी भरलेली असली की डिझेल जास्त जातं आणि जरा खाली गेली की कमी जातं, हे कसलं भूत, असं विचारलं. अव्वा शाळेत गेलेली नाही. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "घागरीच्या गळ्यात चार बोटं पाणी आणि पोटात चार बोटं पाणी, सारखं असतंय व्हय रे, महांतेश?"

घास माझ्या हातात राहिला. मी उठलो, तेलाचा रिकामा गोल डबा आडवा धरून त्याला कडेला भोक पाडलं आणि पेल्यानं पाणी ओतत काडीनं मोजत बसलो. वरच्या बोटभर जागेत अर्धा पेलाही मावत नव्हता, मधल्या बोटभर जागेत दीड पेला जात होता. आडव्या गोल टाकीत वरची खूण बारा लिटरची नव्हतीच, पाच-सहाचीसुद्धा नव्हती. बारावी शास्त्र झालेल्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. गुंडूला त्याचं गणित मांडता येत नव्हतं, पण त्यानं सांगितलं होतं.

सकाळी त्याच्या घरी गेलो. दारात त्याची बायको धोंडुबाई तांदूळ निवडत होती. तिनं मला बसा म्हटलं नाही. गुंडू बाहेर आला. पंधरा दिवसांत कागलच्या एमआयडीसीत माल उतरवायचं काम करून त्याचे खांदे सोलले होते. मी सगळं सांगितलं, डब्याचं, घागरीचं. चुकलो म्हणालो. ट्रकची किल्ली त्याच्यापुढं धरली.

त्यानं किल्लीकडं बघितलंही नाही. म्हणाला, "घरात येऊन सांगाय काय लागतंय? जिथं बोललासा, तिथं सांगा."

दुसऱ्या दिवशी मी फाट्यावर गेलो. गुंडू गाड्याच्या टोकाला उभा होता. मी घसा खाकरला आणि माझा मोठा आवाज पहिल्यांदाच मला नकोसा झाला. मी म्हणालो, "गुंडूनं डिझेल चोरलं न्हाय. मला टाकी मोजता आली न्हाय. मी त्याच्यावर खोटा आळ घेतला." आणि डब्यातलं पाण्याचं सगळं पुन्हा सांगितलं. दोघेतिघे हसले. 

किल्ली माझ्या मुठीत होती. मला वाटत होतं, आता तो येईल. मनापासून वाटत होतं. अप्पांच्या वेळचं माणूस माझ्या हातून गेलं होतं, ते परत घरात यावं, एवढंच मला हवं होतं.

सयाजी उठला. त्यानं गुंडूला विचारलं, उद्या सकाळी बेळगावची फेरी आहे, जातोस काय. गुंडूनं मान हलवली आणि सयाजीनं दिलेली किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. मग उरलेला चहा संपवला, कप ठेवला आणि माझ्यासमोर येऊन थांबला. चेहऱ्यावर राग नव्हता. इतके दिवस मला मालक म्हणणारा गुंडू म्हणाला, "येतो, पावणं."