वजनांच्या डबीतले सिमकार्ड

मित्रांनो, मी एक जुने सिमकार्ड आहे. मोठ्या माणसाच्या अंगठ्याच्या नखावर मी जेमतेम मावतो. माझ्या पोटावर एक सोनेरी तुकडा आहे, पाठीवर बारीक आकडे आहेत आणि आत एक गुपित आहे. ते गुपित मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही, तुम्हालाही सांगणार नाही. पण त्याच्या जोरावर मी काय करतो ते मात्र सांगतो.

फोन सुरू झाला की जवळचा टॉवर मला एक आकडा देतो. दर वेळी नवा. मी तो आकडा माझ्या गुपितात कालवतो आणि जे उत्तर निघते तेवढेच परत पाठवतो. उत्तर जुळले की टॉवर मला ओळखतो. गुपित घरच्या घरीच राहते. हे काम मी दिवसातून कितीतरी वेळा करतो आणि मला त्याचा अजून कंटाळा आलेला नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. विजेशिवाय मला जाग नसते. फोनमधून बाहेर काढले की मी झोपतो आणि त्या झोपेत स्वप्नही पडत नाही. म्हणून या कहाणीतला काही भाग ऐकीव आहे. तो कुठला, ते त्या त्या ठिकाणी सांगेन.

माझा जन्म एका मोठ्या कार्डाच्या कुशीत झाला. ज्या बाईंनी मला विकत घेतले, त्यांनी मला अंगठ्याने दाबून त्यातून सुटे केले. या बाई प्रयोगशाळांमधले तराजू दुरुस्त करतात. काचेच्या पेटीत ठेवलेले ते नाजूक तराजू जवळून कोणी श्वास सोडला तरी हलतात. त्यांचा काटा शून्यावर आणून ठेवायचा हे यांचे काम, म्हणून सगळे त्यांना काटेताई म्हणतात. एक मिलिग्रॅमची चूकही त्या सोडत नाहीत. दुकानातल्या पाटीवर काना राहिला असेल तर आत जाऊन सांगून येतात.

काटेताईंनी फोन बदलले, पण मला बदलले नाही. नव्या फोनची खाच लहान निघाली, तेव्हा त्यांनी मला कात्रीने कापले. पुढच्या फोनची खाच त्याहून लहान निघाली, तेव्हा पुन्हा कापले आणि बारीक कानशीने कडा घासल्या. माझ्या पाठीवर एकोणीस आकडे होते, त्यांतले बारा उरले. मला दुखले नाही. माझे काम त्या सोनेरी तुकड्यात आहे, भोवतीचे प्लास्टिक म्हणजे नुसता अंगरखा.

आता घरातल्या माणसांबद्दल सांगतो. घरी काटेताई, त्यांची आई आणि धाकटा भाऊ. आईच्या उजव्या डोळ्याने काही दिसत नव्हते आणि डाव्याचे नेत्रपटल धुरकट झाले होते. काच वाफेने धुरकट होते, तसे. कोणीतरी दान केलेले नेत्रपटल मिळाले, तर त्या डोळ्याने पुन्हा दिसू शकणार होते. रुग्णालयाच्या यादीत आईचे नाव तीन वर्षांपूर्वी घातले होते आणि अर्जावर माझा नंबर लिहिला होता. आईचा स्वतःचा फोन कधी उशीखाली असे, कधी पिठाच्या डब्यावर. बोलावणे माझ्यावरच येणार होते. पहिले वर्षभर मी वाजलो की सगळे दचकत. नंतर दचकणे थांबले. तिसऱ्या वर्षी तर त्या अर्जाची आठवणही कोणी काढीनासे झाले.

या घराचा एक कायदा होता. आईने केलेला. फोन वाजला की उचलायचा नाही, आधी वाजू द्यायचा. एक रिंग देऊन बंद झाला तर 'पोचले, सगळे ठीक'. दोन रिंगांचा अर्थ 'सवडीने फोन कर'. तीन म्हणजे 'हातातले टाक आणि लगेच कर'. चौथी वाजलीच तर कोणीतरी परका असणार, कापून टाकायचा. मिस्ड कॉलला पैसे पडत नाहीत. आईला दिसत नसे, पण रिंगा मोजण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. चुकून कोणी फोन उचललाच तर ती म्हणे, "उचललास ना? घे, गेले पैसे! आता बोलूनच घे, काय करणार."

एके दिवशी काटेताईंना कामावरून परदेशी पाठवायचे ठरले. नव्या प्रकारचा तराजू शिकायला, बारा दिवसांसाठी. तिथे त्यांची मामेबहीण राहत होती, तिच्याकडेच उतरायचे होते. निघण्यापूर्वी त्यांनी माझी परदेशात चालण्याची सोय, म्हणजे रोमिंग, सुरू करून घेतली. मला फार उत्सुकता होती. दुसऱ्या देशातला टॉवर मला काय विचारेल?

विमान उतरले, फोन सुरू झाला आणि एका अनोळखी टॉवरने मला विचारले, तू कोण? मी त्याला माझ्या घराचा पत्ता दिला. त्याने समुद्रापलीकडे माझ्या घरी विचारणा केली, हा तुमचाच का? घरून आकडा आला, मी उत्तर दिले, ते जुळले. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मी तिथला पाहुणा झालो. मात्र पाहुण्याचा भाव वेगळा असतो. मला फोन आला की तो आधी माझ्या घरी जातो आणि तिथून पुन्हा समुद्र ओलांडून येतो. त्या दुसऱ्या प्रवासाचे पैसे फोन उचलणाऱ्याला पडतात. नुसते वाजण्याला काही पडत नाही.

दरांचा संदेश आला. काटेताईंनी तो दोनदा वाचला. त्यात एका मिनिटाचा भाव असा होता की घरी आठवड्याचे दूध आले असते. विमानतळावरच त्यांनी तिथले एक सिमकार्ड घेतले, पंधरा दिवसांचे, इंटरनेटसकट, अगदी स्वस्तात. त्यांचा फोन एकाच खाचेचा होता. त्यांनी मला बाहेर काढले आणि वजनांच्या डबीत ठेवले. मखमलीच्या त्या डबीत चिमुकल्या वजनांसाठी खळगे असतात. एक वजन हरवले होते, त्या खळग्यात मी. झाकण लागले.

इथून पुढचे ऐकीव आहे. पण ऐकले ते पक्क्या साक्षीदाराकडून. मामेबहिणीची दहा वर्षांची मुलगी, जिला घरात प्रश्नपेटी म्हणत, तिने हे नंतर काटेताईंच्या आईला फोनवरून तीनदा सांगितले. माझ्यातूनच. त्यामुळे मला पाठ आहे.

पाचव्या दिवशी प्रश्नपेटीने ती डबी उघडली.

"मावशी, हे वजन आहे?"

"नाही गं, ते माझं घरचं सिमकार्ड. इथे महाग पडतं, म्हणून झोपवलंय."

"मग याला आत्ता कोणी फोन केला तर?"

"बंद आहे म्हणून सांगतील."

"आणि नंतर याला कळतं, कोणी केला होता ते?"

"नाही. त्याला कसं कळणार? ते झोपलेलं होतं ना."

"म्हणजे कोणाला काही महत्त्वाचं सांगायचं असेल, तर ते गेलंच?"

काटेताई हसायला गेल्या आणि मध्येच थांबल्या. प्रश्नपेटी म्हणते, मावशीचा चेहरा एकदम कागदासारखा झाला. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "रुग्णालयाला माझाच नंबर दिलाय. पाच दिवस झाले. अगं, पाच दिवस!"

त्यांनी लगेच भावाला इंटरनेटवरून फोन केला आणि रुग्णालयात जाऊन स्वतःचा नंबर द्यायला सांगितले. पण त्या दिवशी तिथले कार्यालय सुट्टीमुळे बंद होते. उद्या सकाळी उघडल्यावर जातो, असे तो म्हणाला. उद्यापर्यंत मला जागे ठेवायला हवे होते. नवे सिमकार्डही काढता येईना, कारण घरच्यांशी स्वस्तात बोलणे त्याच्या इंटरनेटवरच चालले होते. मामेबहिणीने खणातून एक जुना बटणांचा फोन काढला. त्यात इंटरनेट नव्हते, म्हणजे नकळत पैसे खाण्याची भीतीही नव्हती. पण त्याची खाच माझ्या लहानपणीच्या मापाची होती. मला त्यात टाकले की मी खुळखुळ्यासारखा वाजत होतो.

"आपण याला चौकट करू या," प्रश्नपेटी म्हणाली.

काटेताईंनी आपले मोजायचे उपकरण काढले. बाहेरचे माप पंचवीस मिलिमीटर गुणिले पंधरा. जाडी पाऊण मिलिमीटर. औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे तीन थर चिकटवले तेव्हा ती बरोबर आली. प्रश्नपेटीने कापले, मावशीने मोजले, दोन चौकटी वाया गेल्या, तिसरी बसली. मी जागा झालो तेव्हा माझ्या अंगाभोवती पुन्हा अंगरखा होता, पुठ्ठ्याचा. टॉवरने आकडा विचारला. मी उत्तर दिले. किती दिवस गेले ते मला ठाऊक नव्हते. इतकेच जाणवले की कोणीतरी माझी वाट पाहत आहे.

दुसऱ्या दिवशी मी वाजलो. तिथे दुपार होती, घरी सकाळ. भाऊ अजून रुग्णालयात निघायचा होता. फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता. एक रिंग. दोन. तीन. काटेताई फोन हातात घेऊन रिंगा मोजत होत्या. चौथी वाजली आणि त्यांच्या अंगठ्याने लाल बटण दाबले.

मित्रांनो, वर्षानुवर्षांची सवय होती ती. डोक्याला विचारायला अंगठा थांबला नाही.

"मावशी! कापलास?" प्रश्नपेटी ओरडली.

काटेताईंनी पडद्याकडे पाहिले. नंबर ओळखीचा नव्हता, पण आपल्याच गावचा होता. त्यांनी दुसऱ्या फोनवरून तो नंबर लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. अशा यादीत एकाने उचलले नाही तर पुढच्याला विचारतात, हे त्यांना माहीत होते. दान मिळालेले नेत्रपटल कोणासाठी ताटकळत बसत नाही. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण मी फक्त वाजू शकतो, आणि तेही कोणी वाजवले तर.

मग मी पुन्हा वाजलो.

या वेळी प्रश्नपेटीने लाल बटणावर आपला अंगठा झाकणासारखा ठेवला आणि म्हणाली, "आता हिरवं दाब. पैसे जाऊ देत."

काटेताईंनी हिरवे दाबले.

"दोनदाच करतो हं आम्ही, बाई," पलीकडची परिचारिका घाईत म्हणाली. "मग पुढचं नाव. पेशंटला चार तासांत आणाल का? उपाशीपोटी हव्यात. हो की नाही, आत्ताच सांगा."

"हो," काटेताई म्हणाल्या. आवाज एवढा बारीक होता की परिचारिकेने पुन्हा विचारले. "हो, हो! आणतो."

आता घरी सांगायचे होते. इंटरनेटवर भाऊ सापडेना, म्हणून त्यांनी नव्या स्वस्त नंबरावरून त्याला साधा फोन केला. परदेशी नंबर पाहून त्याने कापला. मग आईला केला. आईने चार रिंगा मोजल्या आणि कापला. पुन्हा केला, पुन्हा कापला.

"सगळेच कापतात तुमच्याकडे!" प्रश्नपेटी म्हणाली.

ते ऐकून काटेताईंना आईचा कायदा आठवला. मग त्यांनी आईला फोन लावला, तीन रिंगा दिल्या आणि स्वतःच बंद केला.

दोन मिनिटांत मी वाजलो. भावाचा नंबर होता. काटेताईंनी पहिल्याच रिंगेला उचलला. "ताई, काय झालं? आई म्हणते तीन वाजल्या, लाव तिला. आणि तू उचललास कसा काय?"

"आईनं काही खाल्लंय का सकाळपासून?"

"नाही ना! दूध आणायला मला उशीर झाला, म्हणून चहासुद्धा नाही. तासभर माझ्या नावानं शंख चाललाय."

"देव तुझं भलं करो," काटेताई म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आले. त्या रडण्याची सव्वा मिनिटे महागड्या भावाने मोजली गेली. मित्रांनो, त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

आई वेळेत पोचली. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली.

आता मी त्या बटणांच्या फोनमध्येच राहतो. मामेबहिणीने तो देऊन टाकला आणि तो आईच्या फळीवर असतो. काटेताईंनी नवा नंबर आणि दोन खाचांचा फोन घेतला आहे. नंबर त्यांनी रुग्णालयाच्या अर्जावर बदलला आणि इतर जिथे जिथे दिला होता त्या ठिकाणांची यादी केली. तेवीस ठिकाणे निघाली. माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. परगावी निघालात की स्वस्त सिमकार्ड जरूर घ्या, त्यात मला राग नाही. पण जुने काढण्याआधी विचारा, या नंबरावर कोण कोण विसंबून आहे? त्यांना सांगा, किंवा मला जागे ठेवा. वाजण्याला काही पडत नाही.

शेवटचे एक सांगतो. शस्त्रक्रियेला सात महिने झाल्यावर आईने एकदा या फोनची बॅटरी काढली. मी झोपलो. परत जागा झालो तो पुठ्ठ्याच्या चौकटीसकट आणि फोनवर तिची घाई चालली होती. प्रश्नपेटीला तिने दोन रिंगा दिल्या आणि प्रश्नपेटीने उलटा फोन केला.

"अगं, सिमच्या पाठीवरचे आकडे वाचले मी! भिंगाशिवाय! लिहूनसुद्धा ठेवलेत, ऐक." आईने एकेक आकडा सावकाश म्हटला. "आणि शेवटचा तीन. खोटं वाटत असेल तर तुझ्या मावशीला विचार, समोरच बसलीय."

फोन काटेताईंकडे गेला.

"मावशी, सगळे बरोबर?"

काटेताईंच्या हातात तो कागद असावा, आणि माझे आकडे तर त्यांना पाठच आहेत. एक मिलिग्रॅमही न सोडणाऱ्या काटेताईंनी शेवटचा आकडा पुटपुटत पुन्हा एकदा वाचला.

"सगळे बरोबर," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, माझा शेवटचा आकडा आठ आहे. पण तुम्हीही आईला सांगू नका.